जप्तीचे घर आणि शेजारधर्म

आळीतील एखाद्या घराच्या दाराला बँकेची नोटीस चिकटते, काही महिन्यांनी त्याच दारावर मोहोरबंद कुलूप चढते, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत अंगणात कमरेइतके गवत, गच्चीवर साचलेले पाणी व फाटकापाशी येणाऱ्याजाणाऱ्याने टाकलेला कचरा असे त्या वास्तूचे रूप पालटून जाते. तेव्हा शेजारीपाजारी हळहळतात, परंतु ‘आता ते बँकेचे, आपण काय करणार’ असे म्हणून आपापल्या खिडक्या लावून घेतात. ही हतबलता बहुतांशी कायद्याच्या अपरिचयातून आलेली आहे, आणि तिची झळ जशी शेजाऱ्यांना तशीच, किंबहुना अधिक, घर सोडून गेलेल्या कुटुंबाला लागते, एवढे दाखवून देण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

दिवाणी न्यायालयाची पायरी न चढता तारण मालमत्तेचा ताबा घेण्याचा अधिकार बँकांना मिळाला तो २००२ च्या सरफेसी कायद्याने. हप्ते ९० दिवसांहून अधिक काळ थकले की कर्ज अनुत्पादक ठरते, मग ६० दिवसांच्या मुदतीची मागणी नोटीस निघते, आणि तीही मुदत उलटली की ताब्याची कारवाई सुरू होते. हा ताबा दोन प्रकारचा असतो, आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने सारे मर्म या भेदातच आहे. पहिला सांकेतिक ताबा : दाराला नोटीस लावायची व ती दोन वृत्तपत्रांत, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील, प्रसिद्ध करायची, घराच्या किल्ल्या मात्र अद्याप कर्जदाराकडेच. दुसरा प्रत्यक्ष ताबा, जो पुष्कळदा जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाने, महसुली अधिकारी व पोलीस यांच्या उपस्थितीत, पंचनामा करून घेतला जातो. या दोहोंच्या दरम्यान, विशेषतः प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणात गेले असल्यास, बराच काळ लोटू शकतो. आणि कुटुंब लाजेकाजेस्तव आधीच निघून गेलेले असले, तर कागदोपत्री मालक एक, हक्क सांगणारा दुसरा आणि झाडलोट करणारा कोणीच नाही, अशी त्या घराची अवस्था होते.

परंतु प्रत्यक्ष ताबा घेतल्यानंतर बँकेला हात झटकता येत नाहीत. याच कायद्याखालील २००२ च्या अंमलबजावणी नियमांतील आठव्या नियमात असे स्पष्ट बंधन आहे की, ताब्यात आलेल्या स्थावर मालमत्तेची काळजी, सामान्य व्यवहारबुद्धीचा मालक अशा परिस्थितीत आपल्या मालमत्तेची जितकी घेईल तितकी घेतली गेली पाहिजे, आणि विक्री होईपर्यंत तिच्या जतन व संरक्षणाची तजवीज बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याने केली पाहिजे. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण ज्याला सारी आळी बेवारस म्हणते त्या घराला तो एक जबाबदार माणूस मिळवून देतो. ताबा नोटिशीखाली याच प्राधिकृत अधिकाऱ्याची सही असते. तेव्हा शाखेतील खिडकीपाशी तक्रार सांगून परतण्यापेक्षा, घराची छायाचित्रे तारखेनिशी जोडून, आठव्या नियमाचा उल्लेख करून, चार-सहा घरांच्या सह्यांचा अर्ज थेट त्याच्या नावे स्पीड पोस्टने धाडावा व पोचपावती जपून ठेवावी. ताबा अद्याप सांकेतिक असेल, तर हीच मागणी मूळ मालकाकडे व महापालिकेकडे करावी लागते.

महापालिकेचे कर्तव्य तर ताब्याच्या वादावर मुळीच अवलंबून नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला सुमारे ८ ते १० दिवस पुरतात, आणि तो फार दूर उडत नसल्यामुळे बंद घराच्या उघड्या टाकीत जन्मलेला डास चावतो तो बहुधा लगतच्या घरातील मुलांनाच. म्हणून आरोग्य विभागाकडे लेखी अर्ज करण्यात एका आठवड्याचाही विलंब घातक होय. भिंत किंवा सज्जा कोसळण्याच्या बेतात असेल, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ अन्वये आयुक्तांना दुरुस्तीचा वा पाडण्याचा हुकूम काढता येतो.

एवढ्यानेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्याकडे सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध अर्ज करण्याचा मार्ग आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये असलेली ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आली आहे. मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांच्या दुर्गंधीला कंटाळून हाच मार्ग धरला, नगरपालिकेने पैशाच्या अभावाची सबब सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली, आणि १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती सबब फेटाळून रहिवाशांच्या बाजूने निर्णय दिला. तो खटला बंद घराचा नव्हता हे खरे. तथापि सामान्य शेजाऱ्यांचा अर्ज कुठवर पोहोचू शकतो याचे त्याहून उमदे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता त्या निघून गेलेल्या कुटुंबाविषयी, कारण या साऱ्या खटाटोपात त्याचाच विसर पडतो. लिलावात घराची जी किंमत येते तीतून खर्च व कर्ज वजा जाता उरलेली रक्कम, तिच्यावर अन्य कोणाचा हक्क नसेल तर, कर्जदाराला परत मिळते. उलट किंमत कमी पडली तर उरलेल्या रकमेसाठी बँक त्याच्यावर पुन्हा दावा लावू शकते. म्हणजे गच्ची गळून छताचे पोपडे पडले, चोरट्यांनी नळ व विजेच्या तारा काढून नेल्या, की प्रत्येक नुकसानीगणिक त्या कुटुंबाच्या डोक्यावरील ऋण अप्रत्यक्षपणे वाढतच असते. ज्यांच्या घरच्या हळदीकुंकवाला आपण गेलो, ज्यांची मुले आपल्या मुलांबरोबर शाळेत गेली, त्यांच्यासाठी एवढी राखण करणे हा शेजारधर्माचाच भाग आहे. ती राखण मात्र कुंपणाबाहेरूनच करावी. कुलूप तोडून आत शिरणे, मग ते झाडलोटीसाठी का असेना, अपराध ठरू शकते, आणि आत काही हरवल्याचा आळ नाहक शेजाऱ्यावर येतो.

लिलावाच्या जाहिरातीत घर ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर विकले जाईल असे छापलेले असते व बहुधा पाहणीची तारीखही दिलेली असते. त्या दिवशी येणारे ग्राहक हमखास शेजारी चौकशी करतात. नळाला पाणी किती वेळ येते, भिंतीला ओल कोठे आहे, सामाईक रस्त्याचा तंटा आहे की नाही, हे त्यांना खरे खरे सांगावे. जुने कुटुंब का बुडाले, हे विचारल्यास सांगू नये.