बाकावर बसलेले बाबा

सोलापुरातल्या आमच्या घराचा जिना हॉस्पिटलातून वर जात असे. खाली बाबांच्या बारा खाटा, वर आम्ही. १९७० साली कर्ज काढून बाबांनी ऑपरेशनचे टेबल आणि त्यावरचा दिवा नवा घेतला. बाकी सगळे जुने, उसने किंवा घरचे. त्या 'घरच्या'त आईही आलीच.

आई डॉक्टर नव्हती. शाळेतली नोकरी सोडून ती हॉस्पिटलला लागली. पगार अर्थातच नव्हता. रबरी हातमोजे एकदा वापरून टाकून देण्याची चैन तेव्हा परवडत नसे. ते धुवायचे, पाणी भरून भोक पडले आहे का ते बघायचे, वाळवून पावडर लावायची. गॉजच्या घड्या घालून ड्रम भरायचा. तिच्या दुपारी यातच जात. बॅटऱ्यांत सेल भरून ठेवणे हे माझे काम. भूल ईथरची असे आणि ईथर पेट घेते. त्यामुळे वीज गेली तरी कंदील आत नेता येत नसे.

अक्कलकोट, तुळजापूर, पार कर्नाटकातल्या इंडीपासून पेशंट येत. कुणाच्या आतड्याला पीळ पडलेला, कुणाच्या पोटात बैलाने शिंग खुपसलेले. थिएटरबाहेर एक लाकडी बाक होता. त्यावर नातेवाईक रात्ररात्र बसून असत. बाबा बाहेर येत, "झालंय व्यवस्थित, बघू," एवढे म्हणत आणि जिना चढू लागत. ते थकलेले असत, खरेच थकलेले. मग आई चहाची किटली घेऊन खाली जाई आणि त्या माणसांशेजारी बाकावर बसे. सिस्टरांकडून विचारून घेतलेले ती मराठीत, मोडक्या कानडीत समजावून सांगे. "तू कशाला जातेस?" असे बाबा चिडून विचारत. ती उत्तर देत नसे.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची ती पहाट. किल्लारीचा भूकंप झाला आणि जखमी सोलापूरला येऊ लागले. बाबा सरकारी रुग्णालयात मदतीला गेले ते तिसऱ्या दिवशी परतले. आई भाकऱ्यांची टोपली घेऊन तिथल्या व्हरांड्यात बसून होती, हे आम्हाला फार नंतर कळले.

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. बाबा भडकले. "आता पेशंट वकिलाला बरोबर घेऊन येणार!" आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "माणूस गेला म्हणून लोक तितकं रागावत नाहीत हो. काय झालं ते कुणी सांगत नाही, त्याचा राग येतो." त्या दिवशी जेवणे मुकाट्याने झाली.

२००६ साली एका हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये गाठ मारताना बाबांचे बोट थरथरले. कुणाच्या ते लक्षातही आले नव्हते. संध्याकाळी त्यांनी सिस्टरांना सांगितले, "नवीन केस घेऊ नका." मी बँकेत, बहीण पुण्यात पॅथॉलॉजिस्ट. सुरी हाती घेणारे घरात कुणी नव्हते. सामान विकले. बाक तेवढा आईने वर आणून गॅलरीत ठेवला.

तीन वर्षांनी आईच्या पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात १९९० साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी प्रथम केली. बाबा ती कधी शिकले नाहीत. माझ्याच वयाचा सर्जन म्हणाला, "सर, आत चला." बाबांनी मान हलवली. "मी समोर असलो तर तुमचा हात बुजेल."

ते बाहेर बाकावर बसले. तासाभराचे काम म्हणून सांगितले होते. अडीच तास झाले. दार उघडले की बाबा उठत, पुन्हा बसत. आत काय काय बिघडू शकते हे तिथे बसलेल्यांत त्यांनाच सर्वांत जास्त ठाऊक होते. शेवटी डॉक्टर बाहेर आले. "सगळं ठीक आहे, सर," म्हणत वळले, तशी बाबांनी त्यांची बाही धरली.

"नीट सांगा ना, डॉक्टर."

उभी हयात लोकांनी हेच बाबांना विचारले होते. तो भला माणूस थांबला, शेजारी बसला. पित्ताशय आतड्याला चिकटले होते, म्हणून सावकाश सोडवावे लागले, असे त्याने सांगितले. बाबा ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

आई घरी आल्यावर ते तिला म्हणाले, "तू खाली जाऊन का बसायचीस, ते परवा कळलं."

"इतकी वर्षं लागली?" आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण ती हसलीही नाही.

डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० साली कायदा झाला. तशी बातमी वाचली की बाबा अजूनही अस्वस्थ होतात. कायदा हवाच, असे म्हणतात. आणि मग थोड्या वेळाने, "त्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं, बाहेर येऊन दोन मिनिटं बसा म्हणून. मला सांगणारी घरातच होती. मी ऐकलं नाही."

आता ते नव्वदीकडे झुकले आहेत. संध्याकाळी दोघे गॅलरीतल्या त्याच बाकावर चहा घेतात. चहा बाबा करतात. साखर बहुधा जास्तच होते, आई पिते.