लाल गाडी आणि खासगी अर्थ

मागच्या वेळी आपण विट्गेनस्टाइनच्या ‘खासगी भाषे’पाशी थांबलो होतो. आज ती कल्पना एका खेळाला लावून पाहू. हसू नका.

‘वॉरहॅमर ४०,०००’ हा १९८७ सालचा इंग्लंडमधला खेळ. टेबलावर दोन सैन्यं, सैनिक बोटभर उंचीचे. ते सुट्या प्लॅस्टिक भागांत मिळतात. कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे. पण हौशी मंडळी तिथे थांबतात थोडीच! एकाचं धड, दुसऱ्याचं डोकं, तिसऱ्या खोक्यातलं चाक. फटी बुजवायला आपल्या एम-सीलसारखी पुटी, निळी-पिवळी, मळली की हिरवी होणारी. मग प्रायमर, मूळ रंग, खाचांत उतरणारा पातळ गडद रंग, आणि उंचवट्यांवर जवळजवळ कोरडा ब्रश.

इथवर मालक राजा. समोर दुसरा खेळाडू बसला की तो विचारतो, याच्या हातात काय आहे? ‘आम्ही मनात ज्वालाफेकी बंदूक धरली आहे’ हे उत्तर चालत नाही. जे दिसतं तेच शस्त्र, असा संकेत आहे. म्हणून जाणकार बाकी सगळं बदलतात, बंदुकीची नळी मात्र ओळखू येईल अशी ठेवतात.

बुद्धिबळातला घोडा हरवला की आपण बटण ठेवून खेळायचोच की! खरं आहे. पण तेही दोघांनी ठरवून.

आता रंग. तो तरी निव्वळ आपला? या खेळातल्या ऑर्क टोळीची श्रद्धा अशी, की लाल गाडी जास्त पळते. जुन्या काही नियमपुस्तकांत ऑर्कांच्या गाडीसाठी ‘लाल रंग’ गुण मोजून घेता येई, आणि ती खरोखरच एक इंच पुढे जाई.