कार्यालयीन संदेशांचे कूटलेखन आणि ब्राउझर एक्स्टेन्शन : कार्यपद्धती व मर्यादा

प्रस्तावना :
स्लॅक (२०१४), मायक्रोसॉफ्ट टीम्स (२०१७) यांसारख्या संदेश-सेवांनी कार्यालयीन पत्रव्यवहाराचे स्वरूप पालटून टाकले आहे. स्लॅकवरील संदेश प्रवासात आणि साठवणुकीतही कूटबद्ध असतो. मात्र त्याच्या किल्ल्या सामान्यतः सेवादात्याकडेच राहतात. २०१९ पासून मोठ्या संस्थांना या किल्ल्यांवर स्वतःचे नियंत्रण ठेवण्याची सोय मिळाली. तरीही ती सत्ता संस्थेची असते, संदेश लिहिणाऱ्या व्यक्तीची नव्हे. हा मजकूर केवळ प्रेषक व प्राप्तकर्ता यांनाच वाचता यावा, या गरजेतून ब्राउझर एक्स्टेन्शनचा पर्याय पुढे येतो. प्रस्तुत लेखात त्याच्या कार्यपद्धतीचा व मर्यादांचा विचार केला आहे.

कार्यपद्धती :
एक्स्टेन्शन हा ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम होय. संदेश सर्व्हरकडे जाण्यापूर्वीच तो मजकुराचे कूटात रूपांतर करतो. सर्व्हरवर केवळ निरर्थक भासणारी अक्षरे पोहोचतात आणि प्राप्तकर्त्याच्या ब्राउझरमधील एक्स्टेन्शन त्यांचा उलगडा करते. त्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात गटाचा सामायिक पासवर्ड ठरवून, त्यापासून किल्ली तयार करून, अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाणित केलेल्या एईएस पद्धतीने मजकूर बंद केला जातो. दुसरा मार्ग सार्वजनिक किल्लीचा. डिफी व हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या या संकल्पनेवर झिमरमन यांची पीजीपी (१९९१) उभी राहिली. ई-मेलसाठीचे मेलव्हेलोप हे एक्स्टेन्शन त्याच परंपरेतील आहे. २०१७ मध्ये वेब क्रिप्टोग्राफी एपीआय हे प्रमाणक मान्य झाल्याने अशा क्रिया ब्राउझरमध्येच करणे सुलभ झाले.

मर्यादा :
१) मजकूर झाकला, तरी कोणी, कोणास, केव्हा संदेश पाठविला हे सेवादात्यास कळतेच.
२) पासवर्ड त्याच गटावर पाठविल्यास सारा खटाटोप व्यर्थ ठरतो. तो प्रत्यक्ष भेटीत किंवा अन्य मार्गाने द्यावा लागतो.
३) सेवेच्या मूळ चौकटीत टंकलेखन केल्यास, कूटलेखन होण्यापूर्वीच मसुदा सर्व्हरकडे जाऊ शकतो. उलगडलेला मजकूर त्याच पृष्ठावर दिसत असल्यास पृष्ठावरील संगणकीय सूचनाही तो वाचू शकतात. म्हणून लेखन-वाचनाची चौकट स्वतंत्र असणे इष्ट ठरते.
४) एक्स्टेन्शन आपोआप अद्ययावत होते, हीच त्याची दुबळी बाजू ठरू शकते. सप्टेंबर २०१८ मध्ये मेगा या सेवेच्या क्रोम एक्स्टेन्शनच्या जागी पासवर्ड चोरणारी आवृत्ती घातली गेली होती.
५) सर्व्हरवरील शोधसुविधा निरुपयोगी होते. पासवर्ड हरवल्यास जुना पत्रव्यवहारही कायमचा हरपतो.

निष्कर्ष :
महाविद्यालयात प्रश्नपत्रिकांचे मसुदे, विद्यार्थ्यांचे गुण, त्यांच्या आजाराची वा आर्थिक अडचणींची माहिती संदेशांतून फिरते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने अशा माहितीसाठी वाजवी सुरक्षा-उपाय योजण्याचे कर्तव्य विहित केले आहे. एक्स्टेन्शन हा त्यांपैकी एक उपाय होऊ शकेल, परंतु तो पुरेसा नव्हे. संस्थेच्या अधिकृत नोंदी व्यक्तीच्या पासवर्डमागे अडकणेही हिताचे नाही. कोणता मजकूर गोपनीय, कोणता अभिलेखात ठेवावयाचा आणि कोणता मुळातच संदेशाद्वारे पाठवू नये, हा विवेक प्रथम आवश्यक आहे. साधनाची निवड त्यानंतर करावी.