जुन्या घराची मोरी आणि वॉशिंग मशीनचं पाणी

भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या बाजूच्या जुन्या घरांत वॉशिंग मशीन यायची म्हटली की आधी चौकशी होते नळाची. खरी अडचण सांडपाण्याची असते. दगडी घरं आहेत तिथंच राहिली, पण समोरचा रस्ता एकावर एक थर पडून वर चढत गेला. त्यामुळे कित्येक घरांची मोरी आता गटाराच्या काठाखाली गेली आहे. मशीन तळघरात बसवली तर जे प्रश्न येतात, ते इथं तळमजल्यावरच येतात.

‘आजवर बादल्या ओतल्या, मोरी कधी तुंबली नाही.’ पण हातानं धुताना पाणी थांबत थांबत जातं. पंपाची मशीन मिनिटाला बादलीभर पाणी फेकते, वर कपड्यांचे तंतू. चार इंची पाइपाला ४० फुटांत १ फूट उतार हवा. जुन्या स्टोनवेअर पाइपांचे सांधे खचले, तर हा उतार मध्येच उलटा होतो. म्हणून मशीन घेण्याआधी तीन-चार बादल्या लागोपाठ ओतून बघा. पाणी मोरीत साचत असेल, तर आधी चेंबरपर्यंतची लाइन साफ करून घ्या.

‘होस मोरीत सोडला की झालं.’ हे मशीनवर अवलंबून आहे. सेमी-ऑटोमॅटिक आणि बऱ्याच टॉप-लोड मशीनमधलं पाणी नुसत्या उतारानं जातं. त्यांचा होस खालीच हवा, उचलला तर पाणी आत राहतं. फ्रंट-लोडला पंप असतो आणि तिच्या होसचं टोक साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंच धरावं लागतं. ते जमिनीवर टाकलं तर आत भरलेलं पाणी आपोआप ओढलं जाऊन बाहेर पडतं, मशीन पुन्हा पुन्हा भरत राहते. खोल गेलेल्या घराला या पंपाचा मोठा आधार आहे: दोन इंची उभा पाइप, बुडाशी पी ट्रॅप, आणि पाइपाचं तोंड रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणापेक्षा वर. टॉप-लोड असेल तर तिच्यासाठी भक्कम ओटा बांधावा.

तरीही एक गोष्ट उरते, आणि ती कुणी सांगत नाही. पावसात गटार भरलं की उलटं आलेलं पाणी सगळ्यांत खालच्या तोंडातून, म्हणजे मोरीच्या नानी ट्रॅपमधून, वर येतं. त्यासाठी लाइनवर एकाच दिशेनं उघडणारा, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा लागतो. तो बंद असताना मात्र मशीन लावू नये, कारण तिचंच पाणी अडून मोरीतून घरात पसरेल.

‘वास येतो, म्हणून होसभोवती चिंधी कोंबा, सिलिकॉन भरा.’ वास अडवतं ते ट्रॅपमधलं पाच सेंटीमीटर पाणी. होसची फट बुजवली की हवा आत जायची वाट बंद होते. मग मशीन रिकामी होताना ट्रॅपमधलं पाणीही ओढलं जाऊ शकतं, आणि लाइन तुंबली तर घाण पाणी होसमध्ये चढतं. फट मोकळीच ठेवा.

‘तुंबली तर ॲसिड ओता.’ याची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. मोरीला बहुधा शहाबादी फरशी असते. ती कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा चुनखडीचा दगड, आणि ॲसिड चुनखडी खातं. सांध्यांतलं सिमेंटही जातं. केस आणि तंतूंचा बोळा मात्र तसाच राहतो. उघड्या सांध्यांतून मुरलेलं पाणी मातीत रचलेल्या दगडी भिंतीच्या पायात जातं, तिथली माती धुऊन नेतं. बोळा तारेनं, स्प्रिंगनं काढावा. मोरीच्या तोंडावरची जाळी दर आठवड्याला धुवावी.

‘नुसतं साबणाचं पाणी, परसात सोडलं तर काय बिघडतं?’ डिटर्जंटमधल्या सोडियमनं काळी माती चिकट होऊन पाणी मुरेनासं होतं. बीदरच्या पठारावर उलट, जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे पाणी झटकन खाली जातं. बहमनी काळातल्या कारेझ, म्हणजे पाण्याची भुयारं, याच जांभ्याखाली मुरलेल्या पाण्यासाठी खोदल्या गेल्या. म्हणून असं पाणी जिरवायचा शोषखड्डा विहिरीपासून, बोअरपासून निदान १८ मीटर लांब असावा.