पोरांच्या हाती पान्हा द्या



एका मे महिन्यात आमच्या विहिरीवरची मोटार जळाली. तीनपैकी एक फेज गेला होता. राहिलेल्या दोन फेजांवर सगळा भार आला, तार तापली आणि वायंडिंग काळे पडले. मोटार भरून यायला आठ दिवस लागले, तोवर खोडव्याने माना टाकल्या. घरातला पोरगा त्याच वर्षी विज्ञानात चांगल्या मार्कांनी पास झालेला. आम्ही विचारले, "बाळा, एक फेज गेला तर मोटार का जळते रं?" तो म्हणाला, "आबा, ते पुस्तकात नव्हतं."

पोराचा दोष नाही. विजेचा धडा त्याने पाठ केला होता, पण स्टार्टर उघडून कोणी दाखवलाच नव्हता.

हीच अडचण ओळखून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यात पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट घेतलेला, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेला हा माणूस खेड्यात येऊन राहिला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचे, असा त्यांचा अभ्यासक्रम. त्याचे चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि घर-आरोग्य. मुलीही वेल्डिंग करतात, मुलगेही स्वयंपाक शिकतात. शिकवायला गावातलाच कसबी माणूस. आणि मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगी पडले पाहिजे, ही अट. कलबाग २००३ साली गेले, पण काम थांबले नाही.

घाटाखाली रत्नागिरी जिल्ह्यात ऊस नावालाच. तिकडे भात, आंबा, काजू. तरी दापोली तालुक्यातल्या चिखलगावचे नाव आपण लक्षात ठेवावे. लोकमान्य टिळकांचे हे मूळ गाव. डॉ. राजा दांडेकर व रेणू दांडेकर यांनी तेथे लोकसाधनेची शाळा उभी केली आणि पाबळचा अभ्यासक्रमही मुलांच्या हाती दिला. डोंगराळ, पावसाच्या मुलखात जे जमले, ते आपल्याकडे का जमू नये?

सुरुवातीला खर्चही फारसा नाही. सरळ काठाचा रिकामा डबा उघड्यावर ठेवावा आणि रोज सकाळी पट्टीने पाणी मोजावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे १०० लिटर पाणी, एकरावर ४००० लिटर. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्या शिवारात किती पडला, हे पोरांनी स्वतः मोजून सांगितले की पाण्याची पाळी कधी द्यायची हेही ती सांगू लागतील.

पारदर्शक नळीत पाणी भरले की दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला येते. गवंडी त्यावरच पाया लावतो. पोरांनी त्यावर सरीचा उतार काढावा. हळदीचा कागद चुन्याच्या निवळीत बुडवला की लाल होतो; क्षाराची ओळख तिथून सुरू होते. तोडीच्या आधी शेती खात्याचा माणूस रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येतो, तेव्हा पोरांना फडात न्यावे. शेंड्याकडचा आणि बुडख्याकडचा ब्रिक्स जवळजवळ सारखा आला म्हणजे ऊस पक्व झाला, हे एकदा डोळ्याने पाहिले की ती जन्मात विसरणार नाहीत.

तेव्हा आमची विनंती एवढीच. जळालेली मोटार, जुना स्टार्टर, मोडका फवारणी पंप भंगारात घालू नका, शाळेला द्या. वीजजोडणी मात्र जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच. आपल्यापैकी कोणी वायरमन असेल, वेल्डर असेल, गवंडी असेल, त्याने आठवड्यातली एक दुपार पोरांसाठी काढावी. शाळा समितीवर बसणाऱ्यांनी प्रयोगाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे आधी विचारावे.

मोटार जळायची तेव्हा जळेलच. पण ती का जळाली हे सांगणारे पोरगे घरात असले, तर पुढचा खोडवा वाचेल.