मुक्तस्रोत प्रकाशनप्रणाली आणि संहितेचे स्वामित्व

साहित्यव्यवहाराचा इतिहास हा काही अंशी प्रकाशनसाधनांचाही इतिहास असतो. साठच्या दशकातील लघुनियतकालिकांनी चक्रमुद्रित अंक काढले. त्यामागे केवळ काटकसर नव्हती. प्रस्थापित मासिकांच्या संपादकीय चौकटीबाहेर छपाईचे साधन आपल्या हाती असावे, ही भूमिकाही होती. आज विभागांची, नियतकालिकांची आणि संशोधकांची संकेतस्थळे उभी राहत असताना हाच प्रश्न नव्याने विचारावा लागतो : साधन कोणाच्या हाती आहे, आणि त्यातील संहिता कोणाच्या ताब्यात राहते? प्रस्तुत लेखात वर्डप्रेस या मुक्तस्रोत प्रकाशनप्रणालीच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

वर्डप्रेसचा जन्मच या दृष्टीने बोलका आहे. मिशेल वाल्द्रिगी यांनी 2001 मध्ये ‘बीटू’ नावाची प्रणाली तयार केली होती. पुढे तिचे काम थंडावले. तेव्हा अमेरिकेतील मॅट मलनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल यांनी तीच आज्ञावली घेऊन तिची नवी शाखा काढली. 27 मे 2003 रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. मूळ प्रणाली जीपीएल या परवान्याखाली असल्यामुळे हे शक्य झाले. वापरणे, अभ्यासणे, बदलणे आणि बदललेली प्रत इतरांना देणे ही चार स्वातंत्र्ये हा परवाना देतो. मात्र बदललेली प्रत वितरित करणाऱ्याने ती त्याच परवान्याखाली दिली पाहिजे. म्हणजे येथे ‘मुक्त’ याचा अर्थ ‘फुकट’ असा नाही. मूळ कर्त्याने काम थांबवले तरी परंपरा खंडित होत नाही, हा त्याचा खरा आशय होय.

या प्रणालीची रचना तीन स्तरांची आहे. संहिता डेटाबेसमध्ये राहते. तिचे दृश्य रूप ‘थीम’ ठरवते. आणि अधिकची कार्ये ‘प्लगइन’ करतात. वाचकाने पान मागितले की हे तिन्ही एकत्र येऊन पान घडते. म्हणून थीम बदलली तरी लेख तसाच राहतो. सजावटीसाठी घेतलेले काही प्लगइन मात्र स्वतःच्या खुणा थेट संहितेतच पेरतात आणि ते काढून टाकल्यावर लेखात निरर्थक कंस उरतात. संहिता आणि सजावट यांची अशी सरमिसळ टाळणे हे संपादकाचे पहिले कर्तव्य मानावे लागेल.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाची वाटावी अशी सोय 2008 मधील 2.6 या आवृत्तीपासून आली. जतन केलेला लेखाचा प्रत्येक मसुदा, दिनांक आणि संपादकाचे नाव यांसह राखला जातो व कोणत्याही दोन मसुद्यांची तुलना करता येते. पाठभेदांची अशी नोंद हस्तलिखितांच्या अभ्यासकाला क्वचितच लाभते. अर्थात, लेख कायमचा पुसला की ही नोंदही नाहीशी होते.

मराठीच्या संदर्भात दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली संकेतनाची. 1991 मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. तरीही नंतर बराच काळ आपल्याकडील अक्षरजुळणी अशा फॉन्टवर चालली, ज्यांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली होती. तो फॉन्ट नसला की असा मजकूर रोमन अक्षरांची विसंगत रांग म्हणून दिसतो. जुने अंक संकेतस्थळावर आणताना त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून मुद्रितप्रतीशी ताडून पाहणे अपरिहार्य आहे. जोडाक्षरे आणि रफार यांत चुका हमखास राहतात.

दुसरी गोष्ट पत्त्याची. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून पत्ता तयार करते आणि त्यासाठी 200 चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा किंवा हलन्त पत्त्यात नऊ चिन्हे व्यापतो. म्हणजे जेमतेम 22 वर्णांना जागा उरते. ‘ज्ञानेश्वरीतील उपमासृष्टी’ हे शीर्षक दिल्यास पत्त्यात ‘ज्ञानेश्वरीतील-उपमासृष्’ एवढेच उरेल. यावर उपाय साधा आहे : प्रकाशनापूर्वी रोमन लिपीतील छोटा पत्ता हाताने लिहावा आणि प्रसिद्धीनंतर तो बदलू नये. संशोधनात उद्धृत झालेला पत्ता हा ग्रंथाच्या पृष्ठांकासारखा असतो.

ज्यांना समीक्षित संशोधनपत्रिका चालवायची आहे, त्यांनी ओपन जर्नल सिस्टिम्स या मुक्त प्रणालीचा विचार करावा. जॉन विलिन्स्की यांनी 1998 मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात आरंभिलेल्या प्रकल्पातून ती निर्माण झाली. लेख स्वीकारणे, परीक्षकांकडे पाठवणे, संस्करण आणि अंकाची मांडणी हा सर्व क्रम तिच्यात अंतर्भूत आहे.

तथापि, स्वामित्वाबरोबर जबाबदारीही येते. प्रणाली व प्लगइन यांच्या नव्या आवृत्त्या वेळेवर न बसवल्यास घुसखोरीला वाट मिळते. बॅकअप घेताना डेटाबेस आणि चित्रे-कागदपत्रांची फोल्डरे अशा दोन्ही गोष्टी घ्याव्या लागतात. एकच घेतली तर अर्धीच प्रत हाती राहते. ती प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि तिच्यावरून संकेतस्थळ पुन्हा उभे राहते की नाही, हे प्रत्यक्ष पाहावे. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी एखाद्या उत्साही प्राध्यापकाच्या व्यक्तिगत खात्यावर नव्हे, तर संस्थेच्या नावे असावी. प्राध्यापकाची बदली किंवा निवृत्ती झाल्यावर नूतनीकरण राहून जाते, नाव दुसऱ्याच्या हाती जाते आणि कित्येक वर्षांचे काम वाचकाच्या दृष्टीने नाहीसे होते.

साठच्या दशकातील चक्रमुद्रित अंकाचा कागद पिवळा पडला, शाई फिकट झाली. तरी कोणाच्या तरी कपाटात तो उरला आणि आज अभ्यासकाला वाचता येतो. संकेतस्थळाला असे आपोआप उरणे माहीत नाही. मुक्त प्रणाली आपल्याला संहिता ताब्यात ठेवण्याचा अधिकार देते. ती टिकवण्याचे काम मात्र विभागाने ग्रंथालयाच्या कामाइतकेच नियमित मानले, तरच त्या अधिकाराला अर्थ राहील.