अम्मीने पुन्हा ओळखावे म्हणून

ज्या अम्मीने लहानाचे मोठे केले, तीच एके दिवशी "आपण कोण?" असे विचारते, तेव्हा साऱ्या घराचा धीर सुटतो. 1906 साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी प्रथम मांडलेला हा आजार पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही. म्हणूनच "किरणांनी अल्झायमर बरा होतो" असे कोणी सांगितले की आपण लगेच कान देतो. यात खरे किती, ते पाहू या.

2015 मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात 81 वर्षांची एक स्त्री या आजाराच्या शेवटच्या अवस्थेत होती. बोलणे व हालचाल जवळजवळ थांबली होती. काही महिन्यांत तिच्या मेंदूचे पाच सीटी स्कॅन केले गेले. त्यानंतर तिची स्मृती, बोलणे, हालचाल आणि भूक सुधारल्याचे दिसले. 2016 मध्ये ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

अशा एका स्कॅनमध्ये मेंदूला साधारण 40 मिलिग्रे किरण मिळतात. कर्करोगाच्या उपचारात एका दिवसाला सहसा याच्या पन्नास पट देतात. इतक्या थोड्या किरणांमुळे मेंदूतील दाह कमी होत असावा आणि पेशींची दुरुस्तीची ताकद जागी होत असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे.

पुढे कॅनडातील टोरांटो येथे आजार खूप वाढलेल्या चार रुग्णांवर हा प्रयोग झाला. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिघे अधिक सावध दिसू लागले, घरच्यांना फरक जाणवला. पण चाचण्यांच्या गुणांत वाढ अगदी थोडी होती. चौथ्यात काहीच बदल नव्हता.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून वर्गातलेच उदाहरण देतो. चार मुलांना नव्या पद्धतीने शिकवले आणि तिघे सुधारले, तर श्रेय पद्धतीचे की त्यांच्याकडे दिलेल्या जादा लक्षाचे? तशाच दुसऱ्या मुलांना जुन्या पद्धतीने शिकवून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. टोरांटोच्या प्रयोगात तुलनेसाठी असा दुसरा गट नव्हता. म्हणून ही वाट आशेची आहे, पण अजून उपचार नव्हे.

तेव्हा अम्मी-अब्बांचे स्कॅन आपल्या मनाने वारंवार करून घेऊ नका. किरणांचे धोकेही असतात. विसरभोळेपणा दिसताच मात्र डॉक्टरांकडे जा. बी-12 ची कमतरता, थायरॉईड किंवा मनाची उदासी यांमुळेही विसर पडतो आणि त्यांवर इलाज आहे.

आणि अम्मीने दहाव्यांदा "आपण कोण?" विचारले, तरी पहिल्यांदाच विचारल्यासारखे प्रेमाने सांगा, "अम्मी, मी तुमचाच मुलगा." आपल्या लहानपणी एकच प्रश्न आपण कितीदा विचारला, हे तिने कधी मोजले नव्हते.